मानसिक आरोग्यासाठीचा निधी: उपचारसेवेला की लोकशिक्षणाला?

मानसिक आरोग्यासाठी थोडाच निधी हाताशी असलेल्या स्थानिक संस्थेपुढे बहुधा हा पेच असतो: मनोविकारतज्ज्ञ, समुपदेशक आणि औषधे यांवर खर्च करावा, की मानसिक आजारांविषयी लोकशिक्षण करावे? उपचारसेवेची बाजू सहज पटते, कारण तपासलेले रुग्ण मोजता येतात. व्याख्यान ऐकून कोणाचे मत किती बदलले, हे मोजणे अवघड असते.

परंतु जे दारापर्यंत आलेच नाहीत, त्यांची नोंद कोणत्याही सेवेच्या वहीत होत नाही. स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या सुरुवातीला एखादा तरुण रात्ररात्र जागतो, शिक्षण सोडतो, लोक आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणू लागतो. आपण आजारी आहोत हे त्याला स्वतःला सहसा पटत नाही आणि घरचेही हा वयाचा किंवा ताणाचा परिणाम असेल, असे समजून वाट पाहतात. उपचाराविना हा काळ जितका लांबतो, तितके सावरणे कठीण होते.

या बाबतीत नॉर्वेतील रोगालँड भागाचा अनुभव मला निर्णायक वाटतो. तेथे १९९७ पासून वृत्तपत्रे, शाळा आणि डॉक्टर यांच्यामार्फत मनोविकृतीच्या, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या आजारांत वास्तवाचे भान सुटण्याच्या, पहिल्या लक्षणांची माहिती सातत्याने दिली गेली. शिवाय कोणीही थेट फोन करू शकेल असे तपासणी पथक नेमले गेले. पूर्वी निम्म्या रुग्णांच्या बाबतीत लक्षणे सुरू झाल्यापासून उपचारांपर्यंत २६ आठवड्यांहून अधिक काळ जात असे. हा मध्यांक सुमारे ५ आठवड्यांवर आला. पुढे माहितीची मोहीम थांबली, पथक मात्र तसेच चालू राहिले, तेव्हा तोच आकडा पुन्हा १५ आठवड्यांवर गेला. सेवा तीच होती. तिच्याकडे वेळेवर येणारी माणसे कमी झाली.

मात्र लोकशिक्षणाच्या नावाखाली होणारे सगळेच सारखे उपयोगी नसते. मानसिक आजार हा मेंदूचा आजार आहे, एवढेच सांगितल्याने उपचारांवरचा विश्वास वाढू शकतो, पण रुग्णाला शेजारी म्हणून किंवा सहकारी म्हणून स्वीकारण्याची तयारी त्यामुळे वाढतेच असे नाही. मानसिक आजारांना समाजात चिकटलेला कलंक कमी करण्याच्या प्रयत्नांवरील ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांच्या बाबतीत माहितीपर शिक्षणापेक्षा आजारातून सावरलेल्या व्यक्तींशी प्रत्यक्ष भेट अधिक परिणामकारक ठरली. किशोरवयीनांमध्ये मात्र शिक्षणाचा प्रभाव अधिक दिसला. म्हणून शाळांमध्ये वर्ग घ्यावेत, आणि मोठ्यांसमोर स्वतःचा अनुभव सांगायला स्वेच्छेने तयार असलेली व्यक्ती आणावी.

परिसरात कोणतीच सेवा नसेल, तर आधी सेवाच उभारावी, कारण घाबरलेल्या कुटुंबाला लक्षणे समजावून सांगायची आणि जायचे कुठे हे मात्र सांगता येऊ नये, ही त्याच्यावर केलेली क्रूरताच आहे. सेवा आधीपासून असेल, तर तिच्यात आणखी एक खोली वाढवण्यापूर्वी लोकशिक्षणासाठी दरवर्षीची निश्चित तरतूद करावी. जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, म्हणजे १० ऑक्टोबरच्या, एकाच कार्यक्रमावर ती संपवू नये. प्रत्येक पत्रकावर फोन कोणी, कधी उचलेल हे छापावे, आणि पहिल्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागत असेल, तर पत्रके वाटण्याआधी ती प्रतीक्षा कमी करावी.