मोपेड, टोमॅटोची कॅरेट आणि मधला स्टँड : अकरा महिने वापरल्यानंतर

मोपेड घेऊन अकरा महिने झाले, साडेनऊ हजार किलोमीटर झाले. सीसी किती, टाकी किती लिटरची हे लिहीत बसत नाही, शंभर सीसीची मोपेड आपल्याकडे प्रत्येक वाडीत आहे. मला लिहायचंय ते मधल्या स्टँडबद्दल, कारण तीन आठवड्यांपूर्वी त्याने भर रस्त्यात दगा दिला.

पहाटे पाच कॅरेट टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला निघालो होतो, मागे चार आणि पुढे पायाजवळ एक. स्पीडब्रेकरवर मागचे शॉकअप पूर्ण बसले, स्टँड खाली घासला, त्याचं स्प्रिंग तुटलं आणि स्टँड लोंबकळायला लागला. ठिणग्या उडत होत्या. कॅरेट पडली नाहीत हे नशीब. सुतळीने स्टँड वर बांधून कसाबसा पोचलो.

मोपेडवर एकट्याने माल भरणाऱ्याला स्टँड म्हणजे काय ते विचारा. साइड स्टँडवर भरलं तर गाडी एका बाजूला कलंडते, म्हणून मधलाच लागतो. आणि मधल्या स्टँडवर मागे वजन टाकत गेलं की पुढचं चाक उचलतं आणि गाडी मागे बसते. म्हणून भरताना आधी पुढचं ओझं, मग मागचं. उतरवताना बरोबर उलटं, आधी मागचं आणि शेवटी पुढचं. पहिल्या महिन्यात मी पुढची युरियाची गोणी आधी काढली आणि मागचं सगळं रस्त्यावर आलं, तेव्हा हे कायमचं डोक्यात बसलं. शेतातल्या ओल्या मातीत स्टँडचे पाय रुततात, तर त्यासाठी मी गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून दोन्ही पायांना चार बोटं रुंद पट्टी मारून घेतली होती. भारी सोय झाली होती.

तीच पट्टी नडली. सर्व्हिस सेंटरला गेलो तर म्हणाले स्टँडला वेल्डिंग केलंय, वॉरंटी नाही. मी म्हणालो वेल्डिंग पायाला आहे, तुटलं स्प्रिंग, त्याचा काय संबंध? पाऊण तास वाद घातला. शेवटी तिथला मेकॅनिक शांतपणे म्हणाला, दादा किती वजन नेता? म्हटलं पाच कॅरेट, शंभर-एकशेदहा किलो, कंपनीच तर १३० किलो सांगते. तो म्हणाला, त्यात तुम्ही पण धरायचे.

मला खरंच पटलं नाही. अकरा महिने मी १३० म्हणजे माल १३० आणि मी वेगळा असंच धरून चाललो होतो, आमच्या आळीतले सगळे तसंच धरतात. घरी येऊन गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढून वाचलं. भरल्या गाडीचं एकूण वजन वजा मोकळ्या गाडीचं वजन म्हणजे पेलोड, आणि चालवणारा त्याच्यातच येतो. दुसऱ्या दिवशी मार्केटच्या काट्यावर भरलेलं कॅरेट ठेवलं, आपण २० किलोचं म्हणतो ते कॅरेटसकट २२ भरलं. पाच झाले ११०, मी ७२, एकूण १८२. म्हणजे रोज ५२ किलो जास्त. मग एप्रिलमध्ये मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले ते का, आणि ब्रेक लायनर इतक्या लवकर का गेलं, सगळ्याचा उलगडा झाला. उताराला तर गिअर खाली टाकायची सोयच नाही, सगळा भार त्या ड्रम ब्रेकवर.

म्हणून आधी मनात धरलेलं गाडीबद्दलचं वाईट मत मी मागे घेतो. स्प्रिंगचे पैसे मात्र त्यांनी घेतलेच, आणि वजनाचं हे गाडी विकताना कोणी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा माझा राग अजून आहे. गाडी घेताना मी शोरूममध्ये स्पष्ट म्हणालो होतो की टोमॅटो न्यायचेत.

आकाराने मोठं पण हलकं असेल तर ही गाडी कमाल आहे. घासाचे भारे, रिकामी कॅरेट, पोरीची लोखंडी खाट, सगळं नेलंय. फक्त कूलर नेला तेव्हा पुणे-नाशिक हायवेला बाजूने ट्रक गेला की गाडी ओढली जायची, हलकं असून जास्त भीती त्याचीच वाटली. बांधायला नायलॉन दोरी वापरू नका, टोमॅटो रस्त्यात बसतात आणि दोरी सैल पडते. ट्रकच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून घ्या, माल बसला तरी त्या ताण धरून राहतात. वडील कायनेटिकच्या लुनावर ह्याच पट्ट्यांनी दुधाच्या किटल्या बांधायचे, ५० सीसीची गाडी, चढाला पॅडल मारत.

आणि २० फुटी पीव्हीसी पाइप अजिबात नेऊ नका. मी एकदा नेले. वळताना तुम्ही हँडल डावीकडे घेता आणि पाइपचं शेपूट उजवीकडे दुसऱ्या लेनमध्ये फिरतं, मागून येणाऱ्या पोराच्या तोंडापासून हातभर अंतरावरून गेलं ते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर बेकायदा माल काढला तर २०,००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा, तो पोरगा अजून डोळ्यासमोर येतो. पाइप दुकानातच १० फुटाचे कापून घ्या आणि टेम्पोत टाका, जोडायला कॉलर मिळते.

आता हिशोब बदललाय. मी बसलो तर ५८ किलो उरतात, म्हणजे दोनच कॅरेट. पिकअपवाला एका फेरीला ५०० घेतो, रोज परवडत नाही. पोरगा बारावी झालाय, लायसन्स आहे, त्याचं वजन ५४. तो गेला की तीन कॅरेट बसतात, ६६ आणि ५४ मिळून १२०. म्हणून सोमवारपासून मार्केटला तो जातोय, पाच कॅरेट असली की दोन फेऱ्या. स्टँड नवीन टाकलाय, पट्टी न मारता. ओल्यात खाली फळीचा तुकडा ठेवतो, तो दोरीने हँडललाच बांधलाय म्हणजे विसरत नाही.