मिटलेलं गॅमा जनुक उघडायचं कसं : रोजची गोळी की जनुक-संपादन?

गडचिरोलीकडे रोवणीच्या दिवसांत माझी भाची पावसात भिजली, दिवसभर बांधीतल्या चिखलात उभी राहिली, की रात्री हाडं धरून रडते. सिकलसेल : लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार.

पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन, म्हणजे रक्तातलं प्राणवायू वाहणारं प्रथिन, अल्फा आणि गॅमा साखळ्यांचं असतं. जन्मानंतर पेशी गॅमा साखळीचं जनुक मिटवते आणि बीटाचं उघडते. दोष बीटातच आहे: साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन. त्यामुळे बिघडलेल्या बीटाची जागा भरायला दोन्ही उपचार गॅमाकडेच वळतात.

हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गॅमा वाढवते, पण आडवाटेनं. अस्थिमज्जेतल्या पेशींची वाढ ती थोडी दाबते आणि त्या ताणात गॅमावाल्या लाल पेशी जास्त तयार होतात. प्रत्येकाला सारखा गुण येत नाही. गोळी रोज घ्यावी लागते, पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून वरचेवर रक्त तपासावं लागतं, आणि गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावं लागतं.

जनुक-संपादन थेट मुळाशी जातं. बीसीएल११ए हे प्रथिन गॅमाला दाबून ठेवतं. क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्रानं त्याच्या जनुकाचा फक्त लाल पेशींत चालणारा वर्धक, म्हणजे जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा, तोडला की तिथलं कुलूप निघतं. इतर पेशींत ते प्रथिन आपलं काम करत राहतं. केवढी नेमकी कारागिरी ही! २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत या उपचाराला मान्यता मिळाली. पण संपादित पेशी रुग्णाच्या शरीरात सोडण्याआधी तीव्र केमोथेरपीनं मज्जा रिकामी करावी लागते, आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

आज भाचीसाठी मी गोळीच निवडीन. ती तालुक्याच्या दवाखान्यात कधीच संपू नये, यासाठी भांडीनही.