होल्गा १२० एन : नागपूरच्या उन्हात प्लास्टिकचा कॅमेरा

होल्गा १२० एन हाती घेतल्यावर हे खेळणे तर नाही ना, अशी शंका पहिल्यांदा येते. खोके प्लास्टिकचे, रोल पुढे सरकवण्याची फिरकी प्लास्टिकची आणि ६० मिमीचे भिंगही प्लास्टिकचेच. १९८२ साली हाँगकाँगहून मूळ होल्गा बाजारात आला, तो चिनी कुटुंबांना परवडणारा घरगुती कॅमेरा म्हणून. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यांनी ती बाजारपेठ बळकावल्यावर त्याला खरा आश्रय दिला तो हौशी प्रयोगकर्त्यांनी. २०१५ मध्ये थांबलेले उत्पादन २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाल्यामुळे तो आजही नवाकोरा विकत घेता येतो.

इतक्या साध्या यंत्रासाठी महागडा १२० चा (३५ मिमीहून रुंद फिल्मचा) रोल का खर्ची घालावा, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर निगेटिव्हच्या आकारात आहे. बारा चौकोनी चित्रांपैकी प्रत्येकाचे क्षेत्रफळ ३५ मिमीच्या चित्राच्या साडेतीन पटींहून अधिक भरते, त्यामुळे भिंग सामान्य असले तरी छाया-प्रकाशाच्या मधल्या छटा भरघोस उतरतात. नागपूरच्या झिरो माईल स्मारकाचा वालुकाश्माचा स्तंभ चौकटीच्या मध्यभागी धरला तर त्याच्या दगडाचा पोत स्वच्छ दिसतो, कडेला आलेले तिथले घोड्यांचे पुतळे मात्र विरघळू लागतात आणि कोपरे काळवंडतात. हा परिणाम संगणकावर नंतर चढवलेल्या परिणामापेक्षा वेगळा वाटतो, कारण धूसरपणा मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू वाढत जातो. दर्शक-खिडकीत दिसते त्याहून थोडे अधिक दृश्य फिल्मवर येते, तेव्हा चौकट जरा घट्टच धरावी.

शटरचा वेग सुमारे १/१०० सेकंद, आणि तो बदलण्याची सोय नाही. ऊन आणि ढग अशी चिन्हे असलेला खटका आहे खरा, पण जुन्या होल्गांमध्ये तो कुठेही ठेवला तरी प्रकाश आत सोडणारे भिंगाचे छिद्र तेवढेच राहत असे. नंतरच्या कॅमेऱ्यांत एफ-८ (मोठे छिद्र) आणि एफ-११ (लहान छिद्र) असा फरक पडतो. नागपूरच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे. मे महिन्यातल्या दुपारी दीक्षाभूमीचा पांढरा स्तूप टिपायचा असेल तर १०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशसंवेदनशीलता) फिल्मही थोडी जास्तच उजळते, पण निगेटिव्ह फिल्म तेवढे सहज सोसते. पावसाळ्यात फुटाळा तलावावर आभाळ भरून आलेले असताना मात्र ४०० आयएसओच हवी. म्हणजे इथे प्रकाशाचा हिशेब कॅमेऱ्यात करण्यापेक्षा रोल निवडतानाच करावा लागतो.

होल्गाच्या चाहत्यांशी माझा मतभेद आहे तो प्रकाशगळतीबाबत. भिंगाचा धूसरपणा हा या कॅमेऱ्याचा स्वभाव म्हणता येईल. पाठीच्या फटींतून शिरणारा प्रकाश ही निव्वळ उणीव आहे, आणि आपल्याकडच्या उन्हात ती चित्राची रया घालवते. रोल नेहमी सावलीत भरावा, पाठ आणि बाजूच्या धातूच्या पट्ट्या काळ्या चिकटपट्टीने बंद कराव्यात, आणि चित्रांचे आकडे दाखवणारी लाल खिडकी फक्त फिरकी फिरवतानाच उघडावी. फिरकी आणि शटर यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही, त्यामुळे एकाच चित्रावर हवी तितकी चित्रे घेता येतात. मारबतीच्या, म्हणजे नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत काळी आणि पिवळी मारबत एकाच चौकटीत एकमेकींवर आणण्याचा प्रयोग म्हणूनच करण्याजोगा आहे. लग्नकार्यात किंवा जिथे चित्र हमखास यायलाच हवे तिथे हा कॅमेरा नेऊ नये.

कॅमेरा स्वस्त असला तरी रोल आणि त्याची धुलाई स्वस्त नाही. बाहेरगावी पाठवण्याचा खर्च टाळायचा असेल तर कृष्णधवल रोल घरीच धुता येतो. इल्फर्डच्या एचपी-५ प्लस या कृष्णधवल फिल्मला आयडी-११ या डेव्हलपरच्या मूळ (पाणी न मिसळलेल्या) द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटे पुरतात. अडचण त्या २० अंशांचीच आहे. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हाताला चटका देणारे असते, म्हणून द्रावणाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या टोपात ठेवून थर्मामीटर पाहत बसावे लागते आणि शेवटच्या धुण्यासाठीचे पाणीही आधीच गार करून ठेवावे लागते. डिसेंबर-जानेवारीत हा सगळा खटाटोप बराचसा वाचतो.