तामिया १/३५ टायगर १ (अर्ली): जोडायला एकदम सोप्पा, खरा वेळ जातो चाकं-ट्रॅक आणि रंगात

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. तामिया या जपानी कंपनीचा १/३५ टायगर १ अर्ली प्रॉडक्शन, बॉक्सवर ३५२१६ नंबर असलेला, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टँकचं सुरुवातीचं रूप, खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं, जोडून रंगवायचं प्लास्टिक मॉडेल. हा किट आहे नव्वदच्या दशकातला. त्यानंतर याच टँकचे जास्त पार्टवाले, जास्त बारकावे असलेले कितीतरी किट आले. तरी ज्याला जोडण्यापेक्षा रंगवण्यात जास्त मजा येते त्याने डोळे झाकून हाच घ्यावा. ज्याला आतलं इंजिन, गोळे, ड्रायव्हरची सीट सगळं हवंय त्याने राय फील्ड मॉडेल या दुसऱ्या कंपनीचा फुल इंटिरियरवाला बघावा, पण तो खेळच वेगळा आहे आणि पेशन्सही वेगळाच लागतो.

साईजचा अंदाज देतो. खरा टायगर तोफेची नळी धरून साधारण ८.४५ मीटर लांब, म्हणजे १/३५ मध्ये २४ सेंटीमीटरच्या आसपास, रुंदी साडेदहा सेंटीमीटर. हातात घेतल्यावर छान भरीव वाटतं. बाय द वे हा १/३५ आकडा कुठल्या इंजिनियरिंगच्या हिशोबातून आलेला नाही, साठच्या दशकाच्या सुरुवातीला तामियाने मोटरवाला पँथर (दुसरा एक जर्मन टँक) काढला तेव्हा आत बॅटरी आणि मोटर बसेल एवढा टँक केला आणि तो निघाला १/३५ च्या आसपास. पुढे अख्ख्या जगाने तोच स्केल धरला!

जोडणीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही आणि हेच या किटचं कौतुक. टायगर म्हणजे सरळ सरळ प्लेटांची पेटी, तिरके चिलखत वगैरे भानगड नाही, त्यामुळे हल (टँकचं धड) आणि टरेट (वरचा फिरता भाग) पटापट उभे राहतात, पार्ट जागेवर बसतात आणि पुट्टी जवळजवळ लागतच नाही. तामियाचीच हिरव्या झाकणाची एक्स्ट्रा थिन सिमेंट वापरा, दोन पार्ट कोरडेच एकमेकांना धरायचे आणि ब्रश जोडाला नुसता टेकवायचा, पातळ असल्यामुळे ती आपोआप फटीत ओढली जाते आणि प्लास्टिक विरघळवून दोन्ही कडा एकजीव करते. नळीवरची शिवण मात्र नीट घासा, आधी ४०० चा पेपर मग ८०० चा, आणि घासताना नळी बोटांत फिरवत राहा नाहीतर एका बाजूला सपाट होते. ८८ मिलिमीटरची तोफ हीच तर या टँकची ओळख, लोकांची नजर पहिली तिथेच जाते.

एक गोष्ट स्वतःहून करा. खऱ्या टायगरच्या बाकी प्लेटा रोल केलेल्या म्हणजे तशा गुळगुळीत, पण तोफेभोवतीचा जाड मँटलेट ओतीव होता, त्याचा पृष्ठभाग खडबडीत. जाडसर लिक्विड प्रायमर किंवा मिस्टर सर्फेसर जुन्या ताठ ब्रशने ठिपक्या ठिपक्यांनी थापायचा, सुकला की हलकेच घासायचा, बस. काम छोटं आहे पण दोन वेगळ्या जातीचं लोखंड शेजारी शेजारी दिसायला लागतं.

आता चाकं. इथे बसून घ्या. टायगरला प्रत्येक बाजूला आठ आर्म (चाकं धरणारे दांडे) आणि अर्ली टायगरमध्ये प्रत्येक आर्मवर तीन चाकं, म्हणजे एका बाजूला २४, एकमेकांच्या मध्ये घुसवलेली. ५७ टनांचं धूड मऊ जमिनीवर तरंगावं म्हणून केलेली सोय, पण रशियाच्या थंडीत त्यात चिखल-बर्फ गोठून चाकं अडकायची, आणि आतलं एखादं चाक बदलायचं तर बाहेरची कितीतरी काढायला लागायची. मॉडेलवाल्याला वेगळा त्रास, तो म्हणजे रबराच्या कडा रंगवणे. सगळी चाकं आधी चिकटवून मग ब्रश घेऊन बसलात तर आतल्या रांगेत ब्रश जाणारच नाही. चाकं सुट्टी ठेवा, प्रत्येक टूथपिकवर खोचा, सगळ्यांना आधी बेसचा पिवळा मारा आणि मग पातळ केलेला रबर ब्लॅक (एक्सएफ-८५) ब्रशला घेऊन ब्रश स्थिर ठेवायचा आणि चाक फिरवायचं. प्युअर काळा अजिबात नको, रबर कधी तसं दिसत नाही, खेळण्यासारखं वाटतं. काम कंटाळवाणं आहे, गाणी लावा.

आणि मग ट्रॅक, ज्याबद्दल या किटवर नेहमी बोललं जातं. ट्रॅक लवचिक पट्टीचे आहेत, सुट्ट्या कड्यांचे नाहीत. डिटेल चांगला आहे, तक्रार ती नाहीये. प्रॉब्लेम असा की टायगरला वरच्या बाजूला रिटर्न रोलर (ट्रॅक वर उचलून धरणारी छोटी चाकं) नव्हते, त्यामुळे खरा ट्रॅक पुढच्या दातेरी चाकावरून खाली येऊन सरळ रोडव्हीलच्या (खालच्या मोठ्या चाकांच्या) डोक्यावर वजनाने पडलेला असतो, आणि लवचिक पट्टी तर ताणून सरळ उभी राहणार, म्हणजे ५७ टनी टँकचा ट्रॅक कंबरपट्ट्यासारखा दिसणार. उपाय सोपा आहे, पट्टी बसवल्यावर वरचा भाग चाकांवर दाबून सुपरग्लूचे थेंब द्यायचे आणि सुकेपर्यंत मध्ये कापूस किंवा फोमचे तुकडे कोंबून ठेवायचे. पहिल्या दोन-तीन चाकांवर थोडा झोल दिसला तरी पुरे. हे करायचं नसेल तर सुट्ट्या कड्यांचा सेट वेगळा मिळतो, पण खऱ्या टायगरला एका बाजूला ९६ कड्या, तेव्हा आपापल्या डोळ्यांचा विचार करा. मला विचाराल तर पहिल्यांदा करणाऱ्याने पट्टीच ठेवावी. धूळ-चिखल लावल्यावर फरक सांगायला कोणीतरी भिंग घेऊन बसलेलाच लागतो.

रंगाकडे येऊ, कारण पैसे वसूल इथेच होतात. फेब्रुवारी १९४३ पासून जर्मन टँक फॅक्टरीतून गडद राखाडीऐवजी गडद पिवळ्यात यायला लागले, आणि वरचे तांबूस तपकिरी आणि हिरवे पट्टे युनिटनेच मारायचे, रंग घट्ट पेस्टमध्ये यायचा आणि तो पाण्यात नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करून फवारायचा. आता आघाडीवर हे काम किती एकसारखं होणार? कुठे पातळ, कुठे जाड, कुठे ओघळ. म्हणून इंटरनेटवर बरोबर शेड कुठली यावर जे वाद चालतात त्यात मी पडत नाही. तुमचे पट्टे थोडे वेडेवाकडे आले तर ते इतिहासाला धरूनच आहेत, मजेत मारा.

मी तरी असं सुचवेन, आधी साबणाच्या कोमट पाण्यात स्प्रू (पार्ट जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी) धुऊन वाळवा, जोडणी झाली की प्रायमर, मग कोपऱ्यात आणि खाचांत गडद तपकिरी, त्यावर एक्सएफ-६० डार्क यलो. तामियाचे अ‍ॅक्रिलिक एअरब्रशला लोण्यासारखे जातात, एक्स-२०ए थिनरने साधारण निम्मे पातळ करा, प्रेशर १५ ते २० पीएसआय, आणि एकदम झाकून टाकू नका, पातळ थर देत जा म्हणजे खालची सावली थोडी राहते. मग त्याच पिवळ्यात थोडा पांढरा घालून वरच्या सपाट भागांच्या मध्यावर एक फिकट फवारा, नाहीतर टायगरच्या एवढ्या मोठ्या सपाट भिंती एकसुरी दिसतात. एअरब्रश नसेल तर हेच रंग हाताने मारायच्या फंदात पडू नका, अल्कोहोलवाले असल्यामुळे दुसरा हात फिरवला की खालचा थर उचलला जातो. हाताने मारायला व्हॅलेहोसारखे पाण्यातले अ‍ॅक्रिलिक घ्या किंवा बेससाठी स्प्रे कॅन.

नंतर ग्लॉस वार्निश, त्यावर डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे नंबर-चिन्हांचे स्टिकर). हा क्रम लोक टाळतात आणि मग मॅट खरखरीत रंगावर डेकलखाली हवा अडकून चंदेरी दिसतं. डेकल सुकले की तपकिरी एनॅमल वॉश (खाचा उठून दिसाव्यात म्हणून लावायचा अगदी पातळ रंग) बोल्टांभोवती, झाकणांच्या कडेला, आणि थोड्या वेळाने व्हाईट स्पिरिटमध्ये जेमतेम ओल्या ब्रशने पुसून घ्या. खाली अ‍ॅक्रिलिक आणि वार्निश आहे म्हणून हे चालतं, एनॅमलवर एनॅमल वॉश मारून घासत बसलात तर सगळंच निघेल.

वेदरिंगबद्दल, म्हणजे मॉडेल वापरलेलं-मळलेलं दाखवण्याबद्दल, माझं मत जरा कडक आहे. हल्ली प्रत्येक टँक समुद्रातून काढल्यासारखा गंजलेला दाखवतात. हा टँक वापरात आहे, भंगारात नाही! स्पंजच्या तुकड्याने झाकणांच्या कडा आणि चढा-उतरायच्या जागी बारीक गडद तपकिरी टवके, ट्रॅकच्या घासणाऱ्या भागावर मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाईट, खालच्या हलवर मातीच्या रंगाची पिगमेंट (कोरडी रंगाची पूड). केशरी गंज पाहिजेच असेल तर फक्त सायलेन्सरवर, तिथे तो शोभतो पण.

शेवटचं, बाजारातले वेगळे डेकल घेणार असाल तर कुठल्याही टायगरचा नंबर उचलून लावू नका. या किटचा टँक सुरुवातीचा आहे, कमांडरचा कपोला (टरेटवरचा टेहळणीचा छोटा बुरूज) उंच डब्यासारखा, चाकं रबरी, मागे फायफेल एअर फिल्टर, आणि अंगावर झिमेरिट (चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून दिलेला लेप) नाही कारण ते टायगरवर १९४३ च्या उन्हाळ्याच्या शेवटी यायला लागलं. ज्या फोटोत झिमेरिटच्या रेघा किंवा लोखंडी कडांची चाकं दिसतात तो नंबर या किटसाठी नाही, त्याला मिड किंवा लेटचा बॉक्स घ्या.