‘व्हेरी फाइन’ म्हणे!

इंग्लंडमधल्या एका नाणेविक्रेत्याकडून मागच्या महिन्यात ऑनलाइन एक नाणं घेतलं. कोरिओसोलिट या केल्टिक टोळीचं, आजच्या फ्रान्समधल्या ब्रिटनीचं, सीझरच्या स्वाऱ्यांच्या सुमाराचं. 165 पौंड. दर्जा ‘व्हेरी फाइन’, म्हणजे नाणं फार झिजलेलं नाही. पाचपैकी तीन तारे देतेय.

चेहऱ्याची बाजू झकास. केसांच्या वेटोळ्या भिंगाखाली एकेक मोजून घ्याव्यात. उलटं केलं तर घोडा आहे, पण मुंडकं गायब! मूळ नमुना सिकंदराच्या वडिलांचा: दुसऱ्या फिलिपच्या मॅसेडोनियन नाण्यावर दोन घोड्यांचा रथ असायचा. नकलेची नक्कल होत ब्रिटनीपर्यंत एकच घोडा उरला, वर सारथ्याच्या चार रेषा, पोटाखाली रानडुक्कर. माझ्या नाण्यात डुक्कर ठणठणीत आहे.

ही झीज नव्हे. ठसा तिरका पडला आणि मुंडकं चकतीबाहेर गेलं. आजोबांच्या डब्यातल्या शिवराया चिवडत मोठी झालेय मी. एकीवर ‘छत्र’ पुरतं, तर दुसरीवर नुसतं ‘पति’. म्हणजे विक्रेता खोटं बोलला नाही, फक्त झिजेबद्दल बोलला. केल्टिक नाण्यात तेवढं सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. ठसा कुठे बसला, तो ठसाच किती वापरून गुळगुळीत झाला होता, हे कोण सांगणार?

फोटोवर मात्र माझा खरा राग आहे. चांदीत तांबं भरपूर, दोन हजार वर्षं मातीत. त्यामुळे हिरवा थर येणारच. तो कुणीतरी इतका खरवडून काढलाय की अंग रव्यासारखं दाणेदार झालंय. पिवळ्या उजेडातल्या फोटोत ते लोण्यासारखं दिसत होतं.

वर्णनात ‘जर्सीच्या प्रसिद्ध खजिन्यातल्यासारखं’ असंही लिहिलंय. त्या ‘सारखं’वर बोट ठेवा. 2012 मध्ये जर्सी बेटावर जवळपास 70 हजार नाणी सापडली, बहुतेक याच टोळीची, पण तो साठा तिथल्या सरकारने विकत घेतला. मी क्षणभर फसलेच होते.

वजन मात्र चोख. त्यांनी 6.42 ग्रॅम लिहिलं, माझ्या काट्यावर 6.41. तांब्यावर मुलामा चढवून नाणी खपवणारे त्या काळीही होते, म्हणून आधी वजन, मग कडा. कडेला कुठे मुलामा सुटलेला नाही. सोबत जुन्या संग्रहाची पिवळी पडलेली चिठ्ठीही आली.

परत करायला 14 दिवस होते. तेराव्या दिवशी पाकिटात घातलं, आणि डुक्कर बघून परत काढलं.