सायबर तक्रार पोर्टल : ऑनलाइन पाठलागासाठी कितपत कामाचं?

ऑनलाइन पाठलाग होत असेल तर केंद्र सरकारच्या सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार जरूर नोंदवा. फक्त तिथे मिळणारा पोचक्रमांक म्हणजे एफआयआर नव्हे. तो घेऊन पोलीस ठाण्यात जावंच लागतं. १९३० ही हेल्पलाइन मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका. कोणी दारापर्यंत पोचलं असेल तर थेट ११२.

फॉर्ममध्ये ‘ऑनलाइन अँड सोशल मीडिया रिलेटेड क्राइम’ या गटात स्टॉकिंगचा पर्याय आहे. घोळ होतो तो वर्णनाच्या चौकटीत. किमान २०० अक्षरं लागतात आणि ॲट, हॅश अशी चिन्हं चालत नाहीत. त्यामुळे इन्स्टाग्रामचं नाव जसंच्या तसं चिकटवलं की फॉर्म अडतो. नाव चिन्हाशिवाय लिहा आणि प्रोफाइलची पूर्ण लिंक वेगळ्या रकान्यात द्या, कारण समोरचा नाव केव्हाही बदलू शकतो.

आधी पुरावा, मग ब्लॉक. स्क्रीनशॉट कापू नका. तारीख, वेळ, खात्याचं नाव दिसू द्या. व्हॉट्सॲप चॅट एक्स्पोर्ट करा. मूळ फोन रीसेट करू नका, विकूही नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, तेव्हा तोच फोन कामी येतो.

ठाणेकरांची हमखास गफलत हद्दीची. ऐरोली, घणसोली जिल्ह्याने ठाण्यात, पण पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे. मीरा-भाईंदरचं आयुक्तालय तर वेगळंच. तरी ‘आमची हद्द नाही’ म्हणून परत पाठवता येत नाही. झिरो एफआयआरची, म्हणजे हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घेण्याची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम १७३ मध्येच आहे. नोंद नाकारली तर लेखी तक्रार पोलीस उपायुक्तांकडे पाठवा.

बाईचा पाठलाग, तिच्या इंटरनेट वापरावर पाळत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. पीडित पुरुष असेल तर हे कलम लागत नाही. निनावी धमक्यांसाठी त्याच संहितेचं कलम ३५१(४) आहे.

पोर्टलवर मानसिक आधार मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. त्यासाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. वकील परवडत नसेल तर १५१०० वर विधी सेवा प्राधिकरणाला विचारा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.