मनगटाने वाचायचे अवशेष: 'स्कायवर्ड सोर्ड एचडी'

कंट्रोलर हलवून तलवार चालवायच्या बहुतेक खेळांत हात कसाही झटकला तरी पडद्यावर एकच ठरलेला वार होतो. २०११ साली निंटेंडो कंपनीच्या वी कन्सोलवर आलेल्या आणि जुलै २०२१मध्ये तिच्याच स्विच कन्सोलसाठी 'एचडी' रूपात नव्याने सादर झालेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा: स्कायवर्ड सोर्ड'मध्ये तसे निभावत नाही. मांसाहारी वनस्पतीचा जबडा आडवा उघडला तर वारही आडवाच हवा. दोन तलवारींनी अंग झाकणारा सांगाडा समोर आला, तर त्याची मोकळी बाजू दिसेपर्यंत हात आवरावा लागतो.

हीच शिस्त भग्नावशेषांतील कोड्यांनाही लागू होते. पहिल्याच मंदिरातील एका दारावरचा डोळा आपल्या तलवारीच्या टोकाकडे टक लावून पाहतो. मनगट गोल फिरवत राहिले की त्या डोळ्याला भोवळ येते आणि दार उघडते. कोणी काही न सांगता हे उमगते, तेव्हा होणारा आनंद फार मोठा आहे.

खेळाचे खरे वैभव मात्र लनायरू वाळवंटात आहे. तेथील गंजलेल्या खाणयंत्रांमध्ये एक निळसर दगड असतो. त्यावर वार करताच त्याच्याभोवतीच्या वर्तुळापुरता प्राचीन काळ परत येतो, वाळूच्या जागी हिरवळ उगवते, पडलेले यंत्रमानव उठून कामाला लागतात आणि विजेचे धोकेही पुन्हा जिवंत होतात. पुढे असाच दगड बसवलेली नाव मिळते. ती चालते तेवढ्यापुरतेच भोवती पाणी असते, पलीकडे सगळे कोरडे रण. अवशेष म्हणजे केवळ पडक्या भिंती नव्हेत, तर तेथे कधीकाळी कामाची लगबग होती, ही जाणीव इतक्या प्रत्यक्षपणे देणारा दुसरा खेळ मी खेळलेलो नाही.

कमळांनी भरलेल्या प्राचीन जलमंदिराच्या अखेरीस सहा हातांचा यांत्रिक पुतळा भेटतो. चाबकाने त्याचे हात उपटायचे, मग त्याचीच अवजड तलवार उचलून त्याच्यावर चालवायची. ही लढत मला संपूर्ण खेळात सर्वोत्तम वाटते.

पुनरावृत्ती हा मोठा दोष आहे. एकाच राक्षसाशी तीनदा झुंजावे लागते आणि त्याच प्रदेशांत वारंवार परतावे लागते. नव्या आवृत्तीत नायकाला वाट दाखवणाऱ्या सोबतिणीच्या सूचना कमी केल्या आहेत, संवाद लवकर पुढे नेता येतात आणि सेकंदाला ६० फ्रेम (चित्रे) मिळत असल्यामुळे तलवारीची हालचाल अधिक सफाईदार दिसते.

हात न हलवता केवळ बटणे आणि स्टिक (बोटाने फिरवायची छोटी दांडी) वापरून खेळण्याची सोयही आहे. मात्र त्यात उजवी स्टिक तलवारीसाठी राखलेली असल्याने कॅमेरा फिरवण्यासाठी एल बटण दाबून धरावे लागते. ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन्ही जॉय-कॉन (स्विचचे सुटे कंट्रोलर) हातांत घेऊनच खेळावे, निशाण्याचा मध्य सरकला की वाय बटण दाबून तो जागेवर आणावा, आणि पहिले तास-दोन तास वार सावकाश, पूर्ण रेषेत करण्याची सवय लावावी.